गोल माझे, नाव दुसऱ्याचं

आमचा तांडा हिंगोलीकडच्या पुसेगावच्या अलीकडं, सडकेपासून आत, माळावर. आमच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहून मुलूख तुडवला म्हणतात, आन् माझ्या बापानं हिंगोलीच्या मोंढ्यात, त्या घाऊक बाजारात, सोताच्या पाठीवर हळदीची पोती वाह्यली, म्हंजे बैल गेले आन् पाठ आमची राह्यली, दुसरं काय. याडीनं, याडी म्हंजे आमच्यात आई, तिनं मला आश्रमशाळेत घातलं ते काई मी साहेब व्हावं म्हणून न्हाई, दोन टायमाला जेवायला भेटतंय म्हणून. खोटं काहून बोलू? घरात लेकरं लई, एक ताट कमी झालं तिचं.

शाळेत एक फुटबॉल व्हता. एकच. त्याला इतके ठिगळं व्हते की हवेत गेला की वाकडाच यायचा, कुठं पडंल ते कुणालाच कळायचं न्हाई, मला कळायचं. कसं कळायचं ते इचारू नका सर, मला सांगता येत न्हाई. पीटीचे सर हिंगोलीचे व्हते, दखनी बोलायचे, ते म्हणले, अरे इसके बाएं पाँव में कुछ तो बी बात है, आन् तवापासून पोरं मला ब्राझील म्हणायला लागले. ए ब्राझील, इकडं ये. ए ब्राझील, भाकर वाढ. मी काळा, केस कुरळे, बॉल पायातून सुटायचा न्हाई, मंग काय, ब्राझील. त्यो देश कुठं हाय ते मला ठाऊक नव्हतं, मला वाटायचं असंल मुंबईच्या पलीकडं कुठंतरी.

दहावीत नापास झालो. लाज कशाची, निम्मा वर्ग झालता. बाप म्हणला चल मोंढ्यात. मंग दिसभर पोती उचलायची आन् उन्हं उतरली की मैदानावर, हिंगोलीत दसऱ्याचं मोठं मैदान हाय ना, तिथं मोहल्ल्यातले पोरं खेळायचे त्यांच्यात. बाप ज्या आडतीवर हमाली करायचा त्या आडतीचे मालक फुटबॉलचे लई शौकीन, खुर्ची टाकून बसायचे मैदानाच्या कडंला. त्यांचा लेक माझ्याच वयाचा, कॉलेजात व्हता. त्याचं नाव घेत न्हाई, मालकाचा लेक म्हणा. सोभावानं बरा व्हता, उगं कशाला वंगाळ बोलू, पण खेळ म्हणाल तर बॉल त्याच्याकडं आला की हाच बॉलला भ्यायचा.

कॉलेजच्या मॅचा निघाल्या. तिथं कॉलेजचं पोरगंच पाहिजे, मी तर दहावी नापास. एक दिवस मालकांनी मला आडतीवर बोलावलं, चहा पाजला, कपात पाजला बरं का, हमालाच्या पोराला कपात, आन् म्हणले, तू आमच्या पोराच्या नावावर उतर. आता तुमी म्हणाल हे काय भलतंच. तर सर, हे आमच्याकडं सगळेच करतात, कबड्डीत करतात, खो-खोत करतात, नाव एकाचं आन् उतरणारा दुसराच. समोरच्या टीमला बी दिसतंय, पण त्यांचा बी एखादा तसाच असतो, मंग कोण कोणाचं झाकण उघडणार. मला त्यात काईच वाटलं न्हाई. नवे बूट भेटले, खेळायला भेटलं, त्या वयात माणसाला अजून काय लागतं? मालक म्हणले घरी बोलू नको, मी बोललो न्हाई. बापाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळायचं न्हाई, पोरगं उंडारून राहिलं एवढंच त्याला दिसायचं.

काय सांगू तुम्हाला, मी त्या दिवसात काय खेळलो. परभणी, नांदेड, लातूर, जाईल तिथं गोल. नांदेडला एकदा पंच शिट्टी मारून नाव घेऊन ओरडून राहिला, ओरडून राहिला, आन् मी इकडं तिकडं पाहून राहिलो की हा कोणाला बोलवतोय बुवा, तर कप्तानानं पाठीत गुद्दा घातला, अबे, तुलाच! त्याच मॅचला शेवटी शेवटी बरोबरी व्हती, बॉल माझ्याकडं आला तवा दोघं अंगावर, मी डाव्या पायानं तिथूनच मारला, लांबून, आन् गोलकीपर जागचा हालला बी न्हाई. पब्लिक उठून उभं राह्यलं. भोंग्यावर नाव पुकारलं, मालकाच्या लेकाचं. त्यो सोता कडंला बसून शेंगा फोडत व्हता, त्यानं बी टाळ्या वाजवल्या. मला हसूच आलं तवा. तवा हसू आलं, बघा.

मंग काई दिवसांनी बाप सांजच्याला मोंढ्यातून आला, हातात कागदात बांधलेला पेढा. म्हणला, मालकाच्या पोराला सरकारी नोकरी लागली, खेळाडूच्या कोट्यातून, फुटबॉलमधी लई मोठा खेळाडू हाय म्हणं त्यो, आमाला तर पत्ताच नव्हता. आन् माझ्याकडं वळला, म्हणला, बघ, लोकाचे लेकरं खेळून बी कुठल्या कुठं जातात, आन् तू बी त्याच मैदानावर जातोस ना रोज, उनाड ढोरावाणी, तुला काय भेटलं? याडी म्हणली, राहू द्या आता, घे रे लेकरा, पेढा खा.

तोंड उघडावं तर बापाची हमाली जाती, न्हाई उघडावं तर काळीज फाटतंय. पेढा अर्धा याडीला दिला, अर्धा खाल्ला. गोड व्हता, चांगल्या दुकानचा. बाप पुढं बरेच साल जगला आन् म्या त्याला शेवटपर्यंत सांगितलं न्हाई, कारण सांगून काय, त्यो त्याच आडतीवर कामाला. त्यो गेला तवा बी त्याच्या लेखी मी उनाडच. नोकरी गेली चुलीत सर, नोकरीचं दुःख इसरतो माणूस, पण बापाला आपलं पोरगं काय व्हतं ते कळलं न्हाई, हे लागतंय. अजून लागतंय.

दुसऱ्या दिशी आडतीवर गेलो. मालक गादीवर बसलेले. म्हणलं, मालक, गोल तर माझे व्हते. मला वाटलं चिडतील, तर न्हाई, हसले. म्हणले, पोरा, नाव आमचं व्हतं, तू नुसते पाय लावले, पाय तर तू मोंढ्यात पोत्याला बी लावतोसच की. आन् वरून म्हणले, तुझ्या बापाची पाठ दुखती म्हणत व्हता, आता त्याच्यानं होत न्हाई असं दिसतंय, काय करायचं त्याचं? धमकी अशी देतात बघा मोठी माणसं, काळजी केल्यावाणी. लेक दारातच उभा व्हता, मान खाली घालून. एवढंच म्हणला असता की यार, चुकलं आमचं, तर म्या तिथंच सोडून दिलं असतं, देवाशपथ. एवढंबी त्याच्या तोंडातून निघालं न्हाई.

पण पायाला कोण समजावणार? मी खेळतच राह्यलो. वाशीमवाले घेऊन गेले, अकोल्यावाले घेऊन गेले, नागपूरला बी जाऊन आलो, माझं नाव झालं म्हणणार व्हतो पण नाव कुठलं, त्या डाव्या पायाच्या पोराला आणा म्हणायचे. कुठं मी शेख झालो, कुठं देशमुख झालो, एका गावात तर मला म्हातारं नाव भेटलं, तुकाराम का काय, पब्लिक तुक्या तुक्या करून राहिलं. आन् तिकडं एका मॅचला मागून एकानं लाथ घातली, गुडघा वळला तो वळलाच. दवाखान्यात न्यायला टीमचा एक माणूस आला न्हाई, कारण ज्याच्या नावावर मी खेळत व्हतो त्यो तर धडधाकट चहा पीत बसला व्हता ना! एका टेम्पोवाल्यानं मला एसटी स्टँडवर सोडलं. तांड्यावर याडीनं हळद-गूळ बांधला, तांड्याच्या म्होरक्यानं, नायकानं, हाडवैद्य आणला, पण गुडघा काई बसला न्हाई. पाऊस यायचा असला की आदल्या दिवशीच सांगतो तो मला.

आता ॲपे चालवतो, हिंगोली ते औंढा. श्रावणात सोमवारी नागनाथाला गर्दी, बाकी दिवस बसा माशा मारत. स्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्ही हाय, तिथं एकदा त्या ब्राझीलच्या बाजूची मॅच लागलती, दक्षिण अमेरिका म्हणतात ना, ती. त्यांचा एक स्ट्रायकर, काळा, बुटका, माझ्यावाणी डाव्या पायाचा, त्याची माय म्हणं लोकाचे कपडे धुवायची. त्यानं गोल मारला आन् मैदानाच्या कडंकडंनं पळत सुटला, पाठीवर ही एवढी मोठी अक्षरं, त्याचं सोताचं नाव, आन् सगळं पब्लिक तेच नाव ओरडून राहिलं. हॉटेलवाला म्हणला, काहून रे, चहा गार करून राहिला? मी म्हणलं, काई न्हाई, डोळ्यात धूर गेला. मला त्या पोराचा हेवा वाटला सर, पैशाचा न्हाई, मोटारीचा न्हाई, त्या पाठीचा.

मालक आता राह्यले न्हाईत. त्यांच्या नावानं दर साली टूर्नामेंट भरती, आन् पाव्हणा म्हणून त्यांचा लेक येतो, साहेब झालाय मोठा. औंदा मी गाडी कडंला लावून पाहत व्हतो. भोंग्यावर चालू, आपल्या जिल्ह्याचे एकेकाळचे नामवंत स्ट्रायकर, ज्यांच्या नांदेडच्या गोलाची आजही आठवण काढली जाते. अरे व्वा! मी म्हणलं ऐका आता. मंग बॉल मधी ठेवला, साहेबानं पहिली किक मारायची. पोट सुटलेलं, चकाचक बूट, त्यानं बॉलकडं पाहिलं आन् थबकला, भीती काई गेली न्हाई त्याची अजून. मान वर केली तर समोर मी. हातानं बोलावलं. म्हणला, ये रे, तूच मार, माझी कंबर धरली. माझ्या डोळ्याकडं पाहिलं न्हाई त्यानं, बॉलकडं पाहूनच बोलला.

मी का गेलो? सांगतो का गेलो. शंभर शिव्या मनात आल्या, वाटलं त्या भोंग्यावाल्याच्या हातातून माईक घ्यावा. पण इतक्या वर्षानं समोर बॉल, हिरवं मैदान, पाय शिवशिवायला लागले, चपला काढल्या आन् मारला. डाव्यानं. गुडघ्यात कळ गेली ती मस्तकात, पण बॉल असा गेला, असा गेला की पोरं आ वासून बघत राह्यले. भोंगा म्हणला, साहेबांच्या वतीनं पहिली किक! सगळ्यांनी साहेबाकडं पाहून टाळ्या वाजवल्या. मी चपला घातल्या आन् गाडीकडं आलो, तिथं औंढ्याची एक बाई खोळंबलेली, म्हणली, चला की हो दादा, ऊन किती झालं.

हे सगळं तुमी लिहून राहिले, छापून येणार म्हणता, वर माझं नाव टाकतो म्हणले. काल दिसभर गाडीत मला दुसरं काई सुचलं न्हाई, खरं सांगतो, एक सवारी तर पुढच्या फाट्यावर नेऊन सोडली. पण ही आतून काय म्हणून राहिली, ऐकलं ना तुमी? म्हणती, अवं, पोरीचं काय. बराबर हाय तिचं. माझी पोरगी साहेबाच्याच हापिसात लागलीय, कंत्राटावर. मी मागितलं न्हाई, त्यानंच बोलावून लावली, कशानं लावली ते त्याचं त्याला ठाऊक. दर साली पुढं ठेवायची का न्हाई ते त्याच्या हातात. पोरगी हुशार हाय, घरात पहिली जी खुर्चीवर बसून काम करती, आमच्या सात पिढ्यात कोणी बसलं न्हाई. तिचं वाटोळं व्हायला नको.

तर सर, देव तुमचं भलं करो, एवढं बसून ऐकून घेतलं, आजवर कोणी ऐकलं नव्हतं. लिहा सगळं, एक शब्द गाळू नका. नांदेडचा गोल नीट लिहा, लांबून मारला, डाव्या पायानं. नाव तेवढं माझं नका टाकू. दुसऱ्या कोणाचं बी टाका. मला सवय हाय.