शेवटच्या पानावरची बेचाळीस माणसं

हॅलो? कादरभाई का? मी देवचंद, जळगावहून… हो, द्रौपदाबाईचा भाऊ. तिला जरा समोरच्या घरातून बोलावता? … नाही, कुणी आजारी नाही… हो, थांबतो.

…

हॅलो, अक्का? … अगं, धापा काय टाकतेस, घरी सगळे ठीक आहेत. ऐक. काल पुण्याला जाऊन आलो. प्रकाशक माझी कादंबरी काढताहेत… तीच गं, नवी कुठून आणू? … नाही, यावेळी झुलालशेठचा छापखाना नाही. पुण्यात छापणार, दुकानांत मिळणार. मला पिंप्राळ्यात सायकलवरून दारोदार पुस्तकं विकत फिरायला नको.

हो… हो… अगं ऐक ना. एक अट आहे.

शेवटचं पान काढा म्हणतात… नावांचं. झुलालशेठनं जन्मभर लग्नपत्रिकाच छापल्या. मजकूर संपला की खाली नातेवाइकांची नावं हवीतच, म्हणाला. मी दिली बेचाळीस… हो, 'आपले नम्र' म्हणून. प्रकाशक विचारत होते, नायिका मेल्यावर खाली इतके लोक नम्र का आहेत.

हो ना, दाजींचंच पहिलं आहे… काढलं तर तुला आखाजीच्या सणाला माहेरी पाठवणार नाहीत? … आठवतं. मंदाच्या लग्नपत्रिकेत सुपडूकाकांचं नाव वर गेलं, तर दाजी पंगतीतून उठून गेले होते. तुलाही घेऊन. तुझा तर अजून वरणभात चालला होता.

म्हणून तोड काढलीय. नवव्या प्रकरणात धुळे-जळगाव एसटी आहे ना? तिच्यातले प्रवासी बिननावाचेच होते. त्यांच्या जागी आपले बठ्ठे, बेचाळीसच्या बेचाळीस बसवले… हो, प्रकाशकांनी मान्य केलं. जरा वेळ डोळे मिटून बसले, मग केलं.

दाजी? दाजी कंडक्टर… अगं, हुद्दा आहे तो. घंटीची दोरी त्यांच्या हातात… नाही, अपघात नाही. एरंडोलच्या पुढं नुसती बंद पडते. सुपडूकाका उतरून ढकलतात… हो, दाजी दारात उभे राहून सांगतात, कसं ढकलायचं. हसतेस ना? म्हणजे जमलं.

तू? … नाही, गाडीत तू नाहीस.

यादीतही नव्हतीस. झुलालशेठ म्हणाला, पत्रिकेत पुरुषांचीच नावं घालतो. मीही काही बोललो नाही तेव्हा.

अक्का, तीनशे पानं तू स्वच्छ लिहून दिलीस. तीही पुण्याला नेली होती. प्रकाशक म्हणाले, अक्षर फार सुंदर आहे. कादंबरी बरी आहे म्हणाले.

पुढं ऐक. पुस्तक उघडलं की एक पान अर्पणाचं असतं. तिथं एकच नाव घालतात… मी देऊन आलो… तुझं.



… काढ म्हणतेस? … का? … दाजींचं मी बघतो गं. अडूनच बसले तर आखाजी बुडेल तुझी, एवढंच. तू म्हणशील तर आत्ता तार करून काढायला सांगतो… काय? … राहू दे? आणि आखाजी? … एकटी येशील? दाजींना न विचारता? … बरं. मी स्टँडवर येतो.

मग कसं छापायचं सांग. सौ. द्रौपदाबाई पितांबर… दाजींचं नाव नको? … आडनावही नको? … नुसतं द्रौपदा… हो, शाळेत तुझ्या पाटीवर लिहायचीस तसं. लिहून घेतलं.

बरं, ठेव आता… तू ठेव… अक्का, तू ठेव ना आधी.