मुद्रणात नसलेली सहा मिनिटं

आदरणीय अध्यक्षा मादाम ऊमू बागायोको, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष झुमाना कोने, व्यासपीठावरचे शेजारी देशाचे राजदूत महोदय, इमामसाहेब, मध्यस्थी मंडळातले सहकारी, आणि जागा नसल्यामुळे दारांपाशी उभ्या असलेल्या बंधुभगिनींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘थट्टा’ असं छापलं आहे. कोने आणि देंबेले या कुळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं: एकमेकांना गुलाम, चवळीखाऊ म्हणायचं आणि रागवायचं नाही. कोनेंचा कुठलाही समारंभ एखाद्या देंबेलेने चार शिव्या घातल्याशिवाय पुरा होत नाही. मंडळात देंबेले एकच, ती मी, असितान. मी ध्वनितंत्रज्ञ आहे. मला विनोद जमत नाहीत, नोंदी जमतात. तेव्हा आधी काय घडलं ते क्रमाने सांगते.

१. सात वर्षांपूर्वी, सहा मे रोजी, सीमेपलीकडच्या बंडखोरांनी बाजाराहून परतणारी आपल्या लोकांची एक बस अडवली आणि तेवीस जणांना उतरवून नेलं.

२. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेजारी देशाचं सरकार आणि बंडखोर याच सभागृहात बोलणी करायला बसले. मध्यस्थ कोनेसाहेब होते. बोलणी अकरा दिवस चालली. ध्वनिमुद्रण माझ्याकडे होतं.

३. नवव्या दिवशी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी मी मुद्रण थांबवलं. सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी पुन्हा सुरू केलं.

४. अकराव्या दिवशी करारावर सह्या झाल्या. करारात त्या तेवीस जणांचा उल्लेख नाही.

५. तेवीसपैकी कोणीही परत आलेलं नाही.

दुसऱ्या रांगेतून आत्ता कोणीतरी विचारलं, “अगं, थट्टा कधी?” येते त्यावर, काका.

सत्कारमूर्तींबद्दल आज जे चांगलं बोललं गेलं, ते सगळं खरं आहे. आपल्या भागात ‘माजी’ हा शब्द किती जणांच्या नावामागे लागला? आणि त्यातले किती जण तेव्हा जिवंत आणि स्वतःच्या घरी होते? कोनेसाहेब दुसरा कार्यकाळ संपल्यावर प्रासादातून निघाले ते स्वतःची जुनी गाडी स्वतः चालवत, आणि वाटेत ती बंद पडली तेव्हा लोकांनी ढकलली. त्या एका सकाळमुळे आजही चार देशांचे राष्ट्राध्यक्ष त्यांचा फोन स्वतः उचलतात. पंधरा वर्षांत त्यांनी चार करार घडवले. थट्टेच्या नात्यातून तह कसा होतो, हे शिकायला दूरदूरच्या विद्यापीठांतून माणसं येतात, वही काढून बसतात आणि आपल्या शिव्या लिहून घेतात.

आता नववा दिवस. बंडखोरांचा सेनापती मोलोबाली देंबेले. हो, आडनाव माझंच. नऊ दिवसांत तो एकदाही हसला नव्हता. चहा आला. कोनेसाहेब पेला घेऊन उठले आणि थेट त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

“ए देंबेल्या, तू माझा गुलाम. नऊ दिवस मालकासमोर तोंड फुगवून बसलायस. सकाळी चवळी मिळाली नाही वाटतं?”

मोलोबालीने मान वर केली. “चवळी तुम्ही कोने खाता. खाऊन वारा सोडता, आणि त्याला शांततेची बोलणी म्हणता!”

सभागृहात हशा फुटला. एकमेकांचे लोक मारलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होती. नोंदणी अधिकाऱ्यांनी मला हाताने खूण केली, बंद कर. थट्टेच्या भावंडांचं बोलणं नोंदवायचं नसतं. ते बाहेर गेलं की त्याचा अपमान होतो. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी बटण दाबलं.

त्यानंतरचं फक्त कानांनी ऐकलेलं आहे.

“माझी बसमधली तेवीस माणसं दे,” कोनेसाहेब म्हणाले. “मालक मागतोय.”

“एवढंच ना, म्हाताऱ्या? पाऊस संपायच्या आत घरी असतील.”

एका परदेशी सल्लागाराने दुभाष्यामार्फत विचारलं, हे लिहून घ्यायचं का? कोनेसाहेबांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. “थट्टेच्या भावाकडून लिहून घेऊ? उद्या त्याच्या आईला तोंड कसं दाखवू?” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमच्यापैकी कोणी कागद मागितला असता? थट्टेच्या नात्यात मागितलेलं नाकारलं, असं मी तोवर ऐकलं नव्हतं. तुम्हीही नसेल ऐकलं.

पाऊस संपला. त्यानंतर सहा वेळा संपला.

त्या तेवीस जणांत तिएमोको देंबेले हा बोअरवेलचे पंप बसवणारा मिस्त्री आहे. तो माझा थोरला भाऊ. ज्याचं माणूस अडकलं आहे त्याने बोलण्यांच्या खोलीत बसायचं नाही, असा मंडळाचा नियम होता. ‘नातेवाईक नाही’ या चौकोनात मी खूण केली होती. ही माझी चूक, आज ती जाहीर करते.

घरी तिएमोकोची बायको नान्युमा आहे. ती विधवा नाही आणि सवाष्णही नाही. आई मागच्या महिन्यात मला म्हणाली, “मेलेल्याचा चाळिसावा करतात. प्रवासाला गेलेल्याचं जेवण झाकून ठेवतात. मी यातलं काय करू, ते तुझ्या त्या म्हाताऱ्याला विचारून ये.”

गेल्या वर्षी तेवीस घरांनी मिळून शेजारी देशाच्या संरक्षण मंत्रालयाला पत्र लिहिलं. करारानंतर मोलोबाली तिथे उपमंत्री झाला आहे. उत्तर दोन ओळींचं आलं: असं कोणतंही वचन करारात किंवा बोलण्यांच्या नोंदीत आढळत नाही. उत्तर अचूक आहे. नोंदीत नाही, कारण मी बटण दाबलं. नोंदणी अधिकारी वारले. सल्लागाराला आपली भाषा येत नव्हती, आणि दुभाष्याचा पत्ता लागत नाही. बोलणी करणाऱ्या दोन्ही बाजू आज एकाच सरकारात आहेत, ती माणसं बोलणार नाहीत. माझी साक्ष बहिणीची, तिला वजन नाही. राहिले कोनेसाहेब.

जानेवारीत मी त्यांच्या घरी गेले. पाहुण्याला रिवाजाने द्यायचे चहाचे तिन्ही पेले त्यांनी स्वतः ओतले. मी म्हटलं, “बाबा, एक पान आहे. वचन तुमच्यासमोर दिलं गेलं, एवढंच लिहिलंय. सही हवी.”

ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, “पोरी, बाकीचे तीन करारही असेच झालेत. निम्म्या गोष्टी कागदावर नाहीत, माणसांच्या तोंडात आहेत. मीच जर लिहून दिलं की तोंडचा शब्द मोडला गेला, तर उद्या तिथला प्रत्येक जण आपापला शब्द तपासायला लागेल. त्या गावांत आज लोक ज्वारी पेरतायत, असितान.”

“आणि आमचे तेवीस, बाबा?”

“मी रोज मोजतो त्यांना,” ते म्हणाले. सही त्यांनी केली नाही.

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. एका बाजूला तीन देशांतली गावं, दुसऱ्या बाजूला तेवीस माणसं. हे गणित मला येत नाही. मात्र एवढं दिसतं, की पुढच्या वेळी कोणी बस अडवली, तर या पद्धतीने सुटका मागण्यात अर्थ उरलेला नाही. जी पद्धत जगाला शिकवली जाते ती आपल्याच घरी मोडून पडली आहे, आणि ते ठाऊक असलेली माणसं आज या सभागृहात टाळ्या वाजवत आहेत. मीही वाजवल्या.

काका, आता थट्टा. आज दोन यंत्रांवर मुद्रण चालू आहे. दोन्ही मी स्वतः तपासली आहेत. राजदूत महोदय, आपल्या कानातलं भाषांतराचं यंत्रही व्यवस्थित चालतंय.

ए कोन्या! चवळीखाऊ! पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या घरची भांडणं मिटवत हिंडलास, गुलामा. आता तुझी मालकीण मागतेय. त्या पानावर सही कर.

कोणी हसलं नाही. ठीक आहे, बाबा. तुम्ही मान खाली घालू नका. मला अजून बोलायचं आहे, थोडंच.

मादाम अध्यक्षांनी दोनदा घंटा वाजवूनही मला बोलू दिलं, याबद्दल त्यांचे आभार. मंडळाने मला अकरा वर्षं काम दिलं, त्याचेही आभार. राजीनामा मी सकाळी दिला आहे. वडीलधाऱ्यांसमोर मर्यादा सुटली असेल तर ती चूक माझी एकटीची समजावी आणि पोटात घालावी. कुळाला त्यात ओढू नये; देंबेलेंच्या माथी आधीच एक मोडलेला शब्द आहे.

कोनेसाहेब, ते पान मी तुमच्यासमोर ठेवते आहे. उत्तर होकाराचं असो वा नकाराचं, ते लेखी असावं, आणि येत्या शुक्रवारी, एकवीस मार्चला, दुपारच्या नमाजाआधी माझ्या आईच्या घरी पोचावं, ही विनंती.