चष्म्यातली बाई

नाही नाही, तू घेच — सासूसाठी हा चष्मा घ्यायचा म्हणतेस ना, तुझ्या सासूला, साबेराला दिसत नाही म्हणून, मग घे, मी कुठं नको म्हणते? फक्त आधी बस आणि ऐक, कहकशा, दुकानदार सांगणार नाही ते मी सांगते. चष्मा चांगला शे. फ्रेममध्ये कॅमेरा, कानाजवळ बोलतो, समोर काय आहे ते सांगतो — बठ्ठं, एकूणएक सांगतो. तीच तर अडचण. आणि सांगतं कोण, तर एक बाई. हिंदीत. काय गोड बोलते — थकणं नाही, वैतागणं नाही. मी वैतागते ना गं. मला पोळ्या असतात.

आमच्या ह्यांचं तुला ठाऊकच आहे. जन्मभर एसटी चालवली, पारोळा-धुळे रस्ता तोंडपाठ, आणि मग साखरेनं डोळे नेले. तेव्हापासून ह्यांचे डोळे म्हणजे मी. पेपर मी वाचायचा, ताटात चटणी कुठल्या बाजूला ते मी सांगायचं, दारात कोण आलं ते मी. आणि नुसतं सांगत नव्हते हां, मीठमसाला घालून — शेजारचे भाईदासभाऊ आले की कानात म्हणायची, भाऊ आलेत, शर्ट उलटा घातलाय, बोलू नका. दिवसभर हे खुशीत. मग हितेंद्रनं, आमच्या मुलानं, पुण्याहून हा चष्मा पाठवला, फोनला जोडून दिला, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ आले तर — "सामने एक आदमी खड़ा है." झालं. शर्टाचं नाव नाही.

पण ह्यांना आवडली ती. पेपर तिच्याकडून, गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव तिच्याकडून. मी इथं भाजी निवडत बसलेली आणि हे अंगणात तिला विचारतायत, सामने क्या है, बता. मी होते ना इथं. एकदा मुद्दाम विचारलं, आज पेपरात काय विशेष? तर म्हणाले, माझा वाचून झाला. माझा वाचून झाला, म्हणे.

मग एक दिवस म्हणाले, धुळ्याला जातो, डेपोतले जुने लोक भेटतील. मी म्हटलं, येते. नको म्हणाले — रागानं नाही, साधंच — "पुष्पा, इतकी वर्षं कोणी हात धरल्याशिवाय कुठं गेलो नाही. एकदा जाऊ दे." काठी दिली, पाण्याची बाटली दिली, पुढच्या सीटवर बसवून दिलं. आणि सगळे चढून झाल्यावर गुपचूप मी पण चढले. हसू नकोस. तू काय केलं असतंस?

बसले मागे. कंडक्टर ओळखीचा, भिकन — तो "अक्का" म्हणणार तेवढ्यात मी त्याला चिमटाच काढला. पुढं हे ताठ बसलेले, ड्रायव्हरनं गिअर टाकला की ह्यांचा हात मांडीवर हलतोय. वळण कुठलं, उतार कुठला, सगळं ह्यांना कळत होतं. कोणाची गरज नव्हती ह्यांना — माझी नाही, तिचीसुद्धा नाही. मला बरं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं.

धुळ्याच्या स्टँडवर हे उतरले, मी मागून. गर्दी ही एवढी, हे मधोमध थांबले, मी खांबाआड. आणि हे वळले ते नेमके माझ्याकडेच तोंड करून, आणि विचारलं तिला, सामने क्या है. ह्यांना ऐकायलाही कमी येतं, म्हणून आवाज मोठा ठेवलेला — अर्ध्या स्टँडला ऐकू जाईल अशी बोलली, "खंभे के पीछे एक बुजुर्ग महिला खड़ी है. सफेद बाल, हरी साड़ी, हाथ में थैली."

बुजुर्ग. आणि मी ह्यांना सांगत आलेली, केस काळेच आहेत, कानाजवळ जरासे पिकलेत — अगं, डोळे गेले तेव्हाची मी ह्यांच्या मनात बसलेली, तिला उगाच म्हातारी कशाला करायची? पदर डोक्यावरून ओढून घेतला. हे काही हसले नाहीत. काठी खांबाकडं करून म्हणाले, "पुष्पा, आठे ये, माझ्याजवळ. चहा पिऊत."

कसं ओळखलं, विचारलं मी. तर म्हणाले, माझ्यामागे खांबाआड लपायला दुसरी कोण येणार? मग चहा पिताना हळूच, "केस कधी पांढरे झाले?" झाले कधीतरी, म्हटलं. म्हणाले, "सांगायचं ना. मला वाटायचं, मी एकटाच म्हातारा होतोय."

मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, सांग, समोर काय चाललंय. मी सांगितलं, नवरा-बायको भांडतायत, बायकोचं बरोबर आहे. चहा सांडला हसून हसून.

तर घे तू, साबेराला उपयोगाचाच आहे. हे आता एकटे जातात धुळ्याला, आजही गेलेत, मी मागे जात नाही. काय? ही साडी? नवी कुठली, पेटीतलीच, सहज नेसले. घरातच, हो. कोण येणार आहे — हे येतील तेवढे. आल्यावर दारातच थांबून तिला विचारतात, सामने क्या है. आणि ती मेली जे दिसेल ते सांगते, पदराच्या रंगासकट.

काठी वाजली वाटतं. ऊठ, कहकशा, ऊठ. तू समोर असलीस तर ती आधी तुझंच सांगत बसेल. मागच्या दारानं जा.