बुधवारी मिक्सर बंद

...नाही, लावायचा नाही म्हणजे लावायचाच नाही, कारण आज बुधवार, आणि बुधवारी अकरा ते बारा आमच्या शैलेशचं मन मोकळं होतं. आता नवऱ्याचं मन मोकळं व्हायला हवंच, मी कुठे काय म्हणतेय? पण तुम्हीच सांगा, दोन खोल्यांच्या घरात एकाचं मन मोकळं करायला बाकीच्यांनी किती गप्प बसायचं? मिक्सर नको, कुकरची शिट्टी नको, दारावर भाजीवाला आला तर मी मेथी खुणेने मागायची...

त्याचं काय झालं, कोरोनात शैलेशचं ऑफिस घरी आलं. दुकानं उघडली, शाळा उघडल्या, हळदीला पुन्हा बँजो वाजायला लागला, पण ते ऑफिस काही परत गेलं नाही! त्यात माझे सासरे, काळूराम, कोरोनातच गेले. चालत हॉस्पिटलात गेलेला माणूस, परत दिसलाच नाही. शैलेश तेव्हा रडला नाही. सगळे म्हणाले, "काय धीराचा पोरगा." आणि मग गेल्या वर्षी सुरू झालं, छातीत धडधड, झोप नाही, लिफ्टमध्ये घाम. कंपनीने फोनवर समुपदेशक दिला. बरं झालं हो, खरंच सांगते, माझा जीव टांगणीला लागला होता.

पण तो समुपदेशक विचारतो, "दडपण आलं की काय करता, शैलेशजी?" हा म्हणतो, "बायकोला सांगतो." "वा, छान!" छान? मग बायकोने कोणाला सांगायचं? मलाही झोप नाही. गॅसपाशी उभी असताना उगाच डोळे भरून येतात. त्याला सांगितलं तर म्हणतो, "विनी, कांदा असेल." चहा करत होते मी, चहा! पण मी कुठे काय म्हणतेय?

मला औषध नको, समुपदेशक नको. कोरोनाआधी दुपार माझी असायची, तसा एक तास हवाय, ज्यात कोणी "विनी" म्हणून हाक मारणार नाही. म्हणून गेल्या बुधवारी मासळीची पिशवी उचलली आणि खुणेनेच सांगितलं, मासळी आणायला जाते. मासळीला एवढा वेळ का लागला, असं आमच्याकडे कोणी विचारत नाही ना. त्याने फोन जरा बाजूला धरून सांगितलं, "कोळंबी आण." सासूबाई, गुणाबाई, नेहमीसारख्या देवळात गेलेल्या.

मी कुठला बाजार गाठतेय, सरळ वडाळे तलावावर गेले. बाकड्यावर बसले. काही केलं नाही. नुसती बसले. किती बरं वाटलं म्हणून सांगू... आणि मागच्या बाकड्यावरून आवाज, "विनिता, आज संकष्टी हाय गो. ही मावऱ्याची पिशवी कोनासाठी?"

सासूबाई! संकष्टी मी विसरले ते विसरले, पण कोळंबी मागणाऱ्या त्यांच्या लेकालाही आठवली नाही. मी म्हटलं, "आणि आई, देऊळ तिकडे मागे राहिलं."

मग भेंडीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "तुजा सासरा गेला तवापासून मी हितंच येतंय. घरात रडाया बसली तर शैलेश बोलतो, आई, हळू, माजा फोन चालू हाय."

त्यांचा तर नवरा गेला होता हो. त्यांना आम्ही काय दिलं? वर्षश्राद्धाला वडे तळायला दिले. "कशा आहात," एवढं मीसुद्धा कधी विचारलं नाही. त्या सरकल्या, म्हणाल्या, "बस." मी जाऊन बसले.

तेवढ्यात फोन. शैलेश. "अगं, कुठे आहेस? आईपण नाहीये. समुपदेशक सर म्हणाले, एकटं वाटलं की घरच्यांना लगेच हाक मारायची. मला फार एकटं वाटतंय."

"काय बोलतो?" शेजारून सासूबाई.

"एकटं वाटतंय म्हणतो."

सासूबाईंनी पाण्याकडे एकदा पाहिलं, डोळे पुसले, पदर खोचला आणि उठल्या. "चल. पोराला खरंच वाटत असंल." मीही उठले. काय करणार, खरंच वाटत असेल.

कोपऱ्यावर आल्यावर हळूच म्हणाल्या, "रोज एकच कारन चालत नाय. फुडच्या बुधवारी देवलात तू जा, मावऱ्याला मी जातंय."

मी कुठे काय म्हणतेय... बाकडं धरून ठेवा म्हटलं.