डब्यातली किल्ली

(बोरसीतलं घर. दुपारी सगळं निजलेलं. स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्याचा खटका उघडतो : टक्.)

दामिनी : आई, पुन्हा उघडला डबा? सकाळीच तर पाहिली होती किल्ली.

शकुबाई : झोपली नाई का तू? मले वाटलं, मोनूसंग तुहाही डोळा लागला असन. हाय, जागेवरच हाय.

दामिनी : कुठं जाईन ती? तिले पाय हायेत का?

शकुबाई : पाय नाई, आवाज हाय. तुह्या भावानं, हेमराजनं, जर्मनीले जाताना सांगतलं होतं ना. त्याच्या गाडीची ही बटनाची किल्ली नुसती ठेवली तरी गाडीले हाका मारत राह्यते. चोर भिंतीबाहेर मशीन घेऊन उभा राह्यते, हाक पकडते, अन् गाडी त्यालेच मालक समजून चालली जाते. तिकडं वैशाली नगरात अशीच एक गेली म्हनतेत.

मोनू : और डब्यात ठेवली की हाक बाहेर नहीं जाती!

दामिनी : तू उठला का? झोप रे.

मोनू : मैंने खुद देखा, मम्मी. आजीनं डबा गाडीजवळ नेला, मी दार ओढलं, खुललंच नाही. झाकण काढलं, टुक्! खुल गया.

शकुबाई : हुशार हाय. मामावर गेला.

दामिनी : पण बाबाचाच डबा पाहिजे होता? घरात काय डब्यांची कमी हाय?

शकुबाई : लावून पाह्यले दुसरे. ढिल्ल्या झाकनाचे सारे, दार खुलून जाये. याचं झाकन कसं घट्ट बसते पाहा. अन् हा डबा आधीपासूनच चौकीदार हाय. इसरली का?

दामिनी : प्लग!

मोनू : कौनसा प्लग?

दामिनी : तुझ्या आजोबांची स्कूटर होती, आम्ही रुआबांध्याला कारखान्याच्या क्वार्टरात राहायचो तेव्हा. ड्यूटीवरून आले की पाना घेऊन बसायचे, स्कूटरचा प्लग काढायचे अन् घासून ठेवलेल्या या जेवणाच्या डब्यात टाकायचे. प्लग नाही तर स्कूटर चालूच होत नाही. चोर काय, कोणीच नेऊ शकत नाही.

शकुबाई : अन् सकाळी डबा भराले घेतला का प्लग हातात येयेच. इसराचं कामच नाई.

दामिनी : तू इसरलीच ना एकदा.

शकुबाई : अवं, लाईट गेली होती! फर्स्ट शिफ्टची घाई, अन् तुहा भाऊ तापानं फनफनून राह्यला, कडेवरून उतरे ना. अंधारातच वरून भात टाकला, वांग्याची भाजी टाकली, देल्ला डबा.

दामिनी : बाबानं प्लगसाठी सारं क्वार्टर पालथं घातलं. मले पलंगाखाली घुसवलं! अन् डबा हातातच. शेवटी शामसुंदर काकाच्या सायकलवर डबल सीट गेले.

शकुबाई : कॅन्टीनमधी खोलला, तं भाताखाली प्लग. मंग काय, सारी शिफ्ट इचारे, ‘काय भैयालाल, आज भाजी कायची? प्लगची का?’

मोनू : आजोबा चिल्लाए क्या?

शकुबाई : नाई रे बाबू. घरी आले, प्लग पुसला, डब्यात टाकला. म्हनले, शकू, भात मस्त झाला होता.

दामिनी : अन् हेमराज. खटका वाजल्याबिगर झोपायचाच नाही.

शकुबाई : टक् झालं का म्हने, ‘आता बाबा कुठीच नाई जात.’ अन् लगेच डोळा लागे त्याचा... कायले रडून राह्यली?

दामिनी : रडून नाही राहिली. आई, हेमराजचा फोन आला होता मले.

शकुबाई : तुले? बरा हाय ना? मले तं दिवाळीपासून नुसते फुलाचे फोटो धाडते.

दामिनी : बरा हाय. गाडी विकून राहिला तो. ओमप्रकाश, त्याचा शाळेतला दोस्त, आज न्यायला येतो. येतच असन.

शकुबाई : नाई. कायची इकतो? ‘सांभाळ आई, आलो का तुले रायपूरले नेतो, विमानासारखी पळवतो.’ असं बोलून गेला ना? म्हनून तं गेटले साखळी, स्टेअरिंगले डंडा, मांगं कुंड्या. शेजारीन हासते, ‘शकुबाई, गाडी हाय का नवरी हाय?’

दामिनी : तिकडंच घर घेऊन राहिला, आई. जर्मनीत. म्हणे, आईले तूच सांग. मले जमत नाही.

शकुबाई : अन् मी चोर येईन म्हनून पहारा देल्ला रस्त्याकडं तोंड करून.

दामिनी : आई...

मोनू : मम्मी, बाहेर कोई आया! गेट वाजवून राहिला.

दामिनी : ओमप्रकाश मामा असन. सांग, येतो म्हणा.

शकुबाई : फोन लाव हेमराजले. किल्ली त्यानं माह्या हातात देल्ली, तुह्या नाई. त्याच्या तोंडून ऐकीन, मंगच देईन.

दामिनी : लावला. घंटी जाऊन राहिली.

शकुबाई : आवाज मोठा कर.

दामिनी : ...नाही उचलत. ड्यूटीवर असन.

शकुबाई : अजून लाव.

दामिनी : लावलाच हाय, आई. तीच घंटी हाय ही.

शकुबाई : वाजू दे.

दामिनी : ...बंद झाली.

शकुबाई : बरं. जाय, कुंड्या बाजूले कर. मनीप्लांटची जड हाय, एकटी उचलू नको. ओमप्रकाशले म्हना, पहिले चहा घे. अन् हे घे, किल्ली.

दामिनी : डब्यासकट देऊ?

शकुबाई : डबा ठेव इकडं. डबा माहा हाय.

मोनू : आजी, रिकाम्या डब्याचा खटका कावून लावला?

शकुबाई : सवय, बाबू.

मोनू : मम्मी, इतनी घंटी बजी... मामाचा फोन पण कोणी डब्यात ठेवला हाय का?