वरचा दोरा

वडील : मशीनची बॉबिन पुन्हा काढू नकोस. तिचा काही दोष नाही.

लेक : पण गुंता खालीच होतोय ना, बाबा. पडद्याची उलटी बाजू बघा, नुसती गुंतवळ.

वडील : खाली गुंता दिसला की सगळे बॉबिनलाच धरतात. बिचारी आत बसलेली, तिला तोंड नाही, मग बोल तिलाच. खोड वरच्या दोऱ्याची असते. त्याचं टेन्शन कितीवर ठेवलंयस?

लेक : शून्यावर. मघाशी दोरा तुटत होता, म्हणून सोडून दिलं.

वडील : मग आता तुटत नाही, आणि टाकाही पडत नाही. ओढ ती टीप.

लेक : अगबाई. अख्खीच निघून आली.

वडील : शिवलीच कुठे होती? कापडावर नुसती पडून होती.

लेक : तुम्ही खुर्चीत बसा बघू. आई मलाच रागवेल. डॉक्टर काय म्हणालेत, आठवतंय ना?

वडील : 'टेन्शन घ्यायचं नाही.' विसरेन कसा? तुझ्या आईने ते दारोदार सांगून ठेवलंय. परवा एकाच्या कोटाची बाही बोटभर लांब गेली. पूर्वी त्याने दुकान डोक्यावर घेतलं असतं. आता म्हणतो, 'छान झालाय.' कोट घालून गेला, हात आतच.

लेक : हसू नका. बरंच आहे की, तेवढीच शांतता.

वडील : मी खोलीत आलो की बोलणं बंद. चहात गोड नाही, बातम्यांत कडू नाही. आजारातून उठलेला माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो का गं?

लेक : सगळ्यांना तुमची काळजी वाटते.

वडील : कळतं. म्हणून तर गप्प बसलो. तू आलीस, तुझी आई म्हणाली, सहज आलीय. मीही म्हटलं, सहज.

लेक : सहजच आलेय.

वडील : काल गच्चीत स्वेटर वाळत घातलेस. जाड शालही होती. उकाड्याने जीव चाललाय आणि पोरगी सहज येताना लोकर घेऊन येते. शिंप्याच्या घरात कपडे खोटं बोलत नाहीत, बाळा.

लेक : गिऱ्हाईक संध्याकाळी पडदा न्यायला येईल. आधी तेवढं होऊ दे.

वडील : पडदा थांबेल. तुझी आई काजं करताना गुणगुणायची, आठवतं?

लेक : 'सुई माझी गं सखी, दोरा तिचा पाठीराखा...' पुढचं नाही आठवत.

वडील : मलाही नाही. ते तिच्याच तोंडून ऐकायचं. मी दवाखान्यातून आल्यापासून एकदाही ऐकलं नाही. बटण लावते, उसवते, पुन्हा लावते. मला तुम्ही मोकळं सोडलंत आणि गुंता सगळा तिच्या वाट्याला गेला.

लेक : तिनेच मला शपथ घातली. म्हणाली, तुझ्या बाबांना काही झालं तर मी कुणाकडे बघू?

वडील : आणि तू कुणाकडे बघतेस?

लेक : मला भीती वाटते, बाबा. तुम्हाला झटका आला त्या दिवशी आईने फोन केला आणि तिला बोलताच येईना. नुसता श्वास ऐकू येत होता. माझ्यापायी पुन्हा तसं नको.

वडील : डॉक्टरांचं खोटं नाही. फार ताणलं की तुटतं, आणि मी जन्मभर ताणूनच धरलं. पण त्यांनी कमी करायला सांगितलं होतं, तुम्ही दोराच सोडलात. ती चकती फिरव. सावकाश. हां, पुरे. आता चिंधीवर शिवून बघ. आणि शिवता शिवता सांग.

लेक : मी सासरी परत जाणार नाहीये. कायमची आलेय. त्याने हात उगारला असं काही नाही. वर्षभर तो माझ्याशी बोललाच नाही, बाबा. ताट समोर ठेवलं की पाठ फिरवायचा. एक दिवस माझ्या लक्षात आलं, मी घड्याळाशी बोलतेय.

(वडिलांचा हात छातीकडे जातो. खिशातला चष्मा काढून ते डोळ्यांवर चढवतात.)

लेक : बाबा? दुखतंय का?

वडील : दुखणारच. लेकीचं आहे. पण हे डॉक्टरांना सांगायचं दुखणं नाही. श्वास बघ, नीट चाललाय. ती चिंधी उलटी करून दाखव.

लेक : गुंता नाही.

वडील : ओढ.

लेक : निघत नाही.

आई : काय कुजबुज चाललीय बापलेकीची?

वडील : काही नाही. सहज.

आई : तू सांगितलंस त्यांना? अगं, काय म्हटलं होतं मी तुला...

वडील : तिला बोलू नकोस. बटणांचा डबा घेऊन इकडेच ये. आत एकटीने बसायचं नाही आता.

आई : अहो, पण तुमचं टेन्शन...

वडील : घेतलंय. पेलेल तेवढंच. सरक गं, आईला जागा दे. आणि ती पुढची ओळ काय होती? आम्ही दोघंही विसरलो.

आई : 'फाटला दिस तरी, मिळून घालू टाका.'

लेक : थांबलीस का? म्हण ना.

आई : म्हणते. आधी एवढी सुई ओवून द्या कुणीतरी. मला आत्ता नीट दिसत नाहीये.