शेळीने दिलेला कौल

देवाला कौल लावण्याच्या प्रथेचा मी वर्षानुवर्षे अभ्यास करीत आलो आहे; पण शेळीने दिलेला कौल मात्र एकदाच पाहिला. चाकणजवळच्या एका गावाने महापालिकेत जावे की ग्रामपंचायतच ठेवावी, यावर ग्रामसभेत एकमत होईना. महापालिका आली की सरपंचपद जाणार, म्हणून सरपंचांचा जीव टांगणीला लागलेला. अखेर ग्रामदेवीलाच विचारायचे ठरले. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुले लावली. उजवे पडले तर महापालिका, डावे पडले तर पंचायत. सारे श्वास रोखून बसले असताना एक शेळी गाभाऱ्यात शिरली आणि डावे फूल खाऊन मोकळी झाली.

"डावं गेलं! पंचायत ऱ्हायली!" सरपंच ओरडले.

"शेळी तुमचीच हाय की," गुरव म्हणाला. "घरच्याचा कौल कसा धरायचा?"

"माझी? आज पयल्यांदाच बघतोय हिला, राव!"

मागून सरपंचांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "बरं. मग उद्यापासनं चहा कोरा प्या."

सरपंचांनी एकवार देवीकडे पाहिले, एकवार शेळीकडे. मग शेळीचा कान धरून ते उठले.

"गुरव," ते हळूच म्हणाले, "नवं फूल लावा."